‘साफ’ या शब्दाचं भाषांतर

“भांडण दोघांचं, पण तोंड माझं दुखतं,” असं तो एकदा बायकोला म्हणाला होता.

तो दुभाषी होता. बंडखोरांशी कसं लढावं हे इथल्या सैन्याला सांगायला एका मोठ्या मित्रदेशाने तोफगोळे आणि हेलिकॉप्टरांसोबत एक सल्लागार पाठवला होता. सल्लागाराला इथली भाषा येत नव्हती आणि इथल्या ब्रिगेडियरला सल्ला ऐकायची सवय नव्हती. दोघांच्या मधल्या खुर्चीत हा बसे. बायको त्याला चाळणी म्हणे, कारण सासूचे टोमणे तिच्यापर्यंत त्याच्यातून गाळूनच पोचत. बैठकीतही तेच. ब्रिगेडियर म्हणे, “या लांबड्याला सांग, कालचं पोर आहेस.” हा सांगे, “साहेबांना तुमच्या तरुण उत्साहाचं कौतुक वाटतं.” सल्लागार लाजून वहीत काहीतरी लिही.

गडबड झाली ती एका शब्दाने. गावातले बंदूकधारी हाकलायचे, माणसं तिथेच राहू द्यायची आणि सैन्यानेही तिथेच मुक्काम ठोकायचा, या सगळ्यासाठी सल्लागाराकडे एकच आटोपशीर शब्द होता. यानेही आटोपशीर सांगून टाकलं, “गाव साफ करायचं.”

आठ दिवसांत ब्रिगेडियर मिशा पुसत आला. “केलं साफ.” सल्लागाराने नकाशावर हिरवी टाचणी खोचली, हात मिळवला. दोन दिवसांनी बसस्थानकावर याला त्या गावची माणसं गाठोड्यांवर बसलेली दिसली. एका म्हाताऱ्याच्या हातात घराचं कुलूप होतं. कुलूप शाबूत होतं, दार जळालं होतं.

मग साफ करायच्या गावांच्या यादीत पुलापलीकडचं गाव निघालं. तिथे त्याची थोरली बहीण राहत होती, एक शिलाईयंत्र आणि एक तोंडाचा पट्टा घेऊन. ताईने गाव सोडणं शक्य नव्हतं. तिने नवऱ्याचं कधी ऐकलं नाही, ती ब्रिगेडियरचं काय ऐकणार?

त्या सकाळी सल्लागार नेहमीसारखा अदबीने बोलला. युद्ध तुमचं आहे, आम्ही फक्त सुचवू शकतो, तरी जमल्यास गावात चौकी बसवावी.

“साहेब म्हणतात,” हा ब्रिगेडियरला म्हणाला, “त्या गावात एक छप्पर जरी जळालं, तर तोफगोळे बंद. हेलिकॉप्टर बंद. तुमची परदेशवारीही बंद.”

“असं म्हणाला? हा?”

“साहेब, मी गाळून सांगतोय.”

ब्रिगेडियरने सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागार गोड हसला. ते हसू पाहून ब्रिगेडियरला घाम फुटला.

चौकी बसली. ताई शिपायांच्या शर्टांना गुंड्या लावून देई आणि वर शिव्याही. तीन आठवड्यांत, बंदूकधारी कुठल्या वाटेने येतात ते गावकरी शिपायांच्या कानात सांगू लागले.

पुढच्या बैठकीत ब्रिगेडियर उखडला. “बास झाल्या चौक्या! ते पुलापलीकडचं गाव आणि शेजारची दोन, तिन्ही माझ्या पद्धतीने साफ करणार. की परत तोफगोळे बंद करायची धमकी देतोय तुझा साहेब? विचार!”

हा तोंड उघडणार, तोच सल्लागार बोलला. इथल्याच भाषेत. सहा महिने गुपचूप शिकवणी लावली होती पठ्ठ्याने.

“कोणती... धमकी?”

ब्रिगेडियरने पाढा वाचला. छप्पर, गोळे, हेलिकॉप्टर, परदेशवारी. सल्लागाराने सावकाश मधल्या खुर्चीकडे मान वळवली. नोकरी तर गेलीच, पण सल्लागाराच्या तोंडून ‘नाही’ निघालं की संध्याकाळपर्यंत पुलापलीकडे तोफा लागणार.

सल्लागाराने एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलला. “मी म्हणालो होतो. छप्पर जळाला...”

“जळालं,” हा सवयीने पुटपुटला.

“जळालं, तर गोळे बंद. तिन्ही गावं. परत म्हणतो.”

ब्रिगेडियरने टेबलावरचा ग्लास उगाच इकडचा तिकडे केला. “तीन चौक्या, तर तीन. पण माणसं मी ठरवणार.”

“नाही! माणसं जास्त पाहिजेल!”

मग मध्ये कुणी बसलंय हे विसरून दोघं थेट एकमेकांशी भांडू लागले. व्याकरण भयंकर होतं, भांडण मात्र चोख. तो थोडा वेळ डावीकडे, मग उजवीकडे बघत राहिला. शेवटी त्याने खुर्ची हलकेच मागे सरकवली आणि तो खोलीबाहेर गेला.