खाला हयात आहेत

आमच्या शेजारच्या खाला जिवंत आहेत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सकाळी नळाला पाणी आलं की त्यांचा आवाज चौकापर्यंत जातो. फक्त पेन्शनच्या साइटला ते पटत नव्हतं. नवऱ्यामागे मिळणारी पेन्शन हयातीचा दाखला न भरल्यामुळे बंद पडली होती. खाला नगरच्या पेन्शन ऑफिसात स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही दिसताय हो, पण साइटवर दिसत नाही."

मग त्या माझ्याकडे आल्या. मी घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणून गल्लीतली असली सगळी लफडी माझ्याच टेबलावर येतात. साइट उघडली तर लाल पट्टी: ‘आपला ब्राउझर समर्थित नाही.’ माझा ब्राउझर आदल्याच आठवड्यात अपडेट झालेला! ज्या दीडशहाण्याने ही साइट बांधली, त्याला खालांशी काही घेणंदेणं नव्हतं. आत येणाऱ्या ब्राउझरचं नाव तेवढं त्याच्या यादीत हवं होतं. ऑफिसला फोन केला तर ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणून त्यांनी ठेवून दिला. डोंबलाचं चालतंय.

ब्राउझर प्रत्येक साइटला आपलं नाव सांगतो, त्याला युजर-एजंट म्हणतात. ते बदलणारं एक्स्टेंशन मी टाकलं, त्यात फक्त या साइटचा पत्ता दिला आणि एक्स्टेंशनच्या यादीतलं एक नाव निवडलं.

"नाव बदलतोस?" खाला खुर्चीतून उठल्याच. "माज्या जागी दुसरीच कुनी जिती दाखवशील. खोटंनाटं न्हाई करायचं, बाळा."

"तुमचं नाही, खाला. ब्राउझरचं. तेही या एका साइटपुरतं. बाकी सगळीकडे तो खरंच बोलेल."

पान पुन्हा उघडलं आणि लाल पट्टी गायब. ना तपासणी, ना हूं की चूं. एवढा कडक पहारा नि एवढा बावळट! मला हसूही आलं आणि संतापही. खालांनी ओढणी सारखी केली, कॅमेऱ्यासमोर सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून उघडले. हिरव्या अक्षरांत आलं: ‘लाभार्थी हयात आहे.’ ते त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं.

मग विचारलं, "नाव कुनाचं सांगितलंस रे?"

"एका जुन्या ब्राउझरचं. कंपनीनं तो कधीच बंद केलाय. आता कुणी वापरत नाही."

खाला स्क्रीनजवळ वाकल्या.

"म्हंजी मेलेल्याचं नाव सांगितलं, तवा मला जिती धरली?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?