ऑफिसला चालणारी जॉगर

एका कंपनीत वीस वर्षं काढली की पगार कितीही कमी वाढो, किस्से मात्र बक्कळ जमतात. खालापूरच्या आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत मी डिस्पॅच बघते. माझ्याकडचे सगळे किस्से बाहेर काढायचे म्हटले तर टेंपो लागेल. आज फक्त जॉगरचे सांगते.

जॉगर म्हणजे ती पँट हो, कमरेला नाडी आणि घोट्याला इलॅस्टिक असलेली. लांबून बघितली तर ऑफिसची, घालून बघितली तर रविवारची.

मी भिसेगावहून स्कूटीने जाते. वाटेत पळसदरीहून संतोष बाइकवर सोबतीला येतो. तो आमच्या स्टोअरमध्ये, सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. मुलगी बघायला गेला की पहिला प्रश्न एकच, "परमनंट हाय का?" त्या प्रश्नावर दोन घरांतून पोरगं चहा अर्धा टाकून परत आलंय. आणि त्याची कायम होण्याची फाइल आमच्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. त्यांचं म्हणणं, "काम उत्तम आहे. पण ऑफिस स्टाफमध्ये घ्यायचं तर माणूस ऑफिससारखा दिसायला नको? त्या पँटचं काहीतरी करायला सांगा."

* * *

ह्या पँटी आम्ही तिघांनी एकदमच घेतल्या. मी, संतोष आणि बिलिंगचे मोरे काका. काकांना रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत, त्यामुळे ते कुणाला भीत नाहीत. कर्जतच्या बाजारात दुकानदार काळी जॉगर ताणून दाखवत म्हणाला, "घ्या ओ बिनधास्त. ऑफिसलाबी चालते, झोपायलाबी चालते."

काका म्हणाले, "मग ती काय वेगवेगळी कामं हायेत का?"

* * *

संतोषच्या आईला ही पँट पटेना. ऑफिसच्या पँटीला क्रीज नाही म्हणजे काय? माउलीने इस्त्री मारली. दुपारपर्यंत क्रीज गायब. मग तिने भाताची पेज काढून पँटीला कडक खळ दिली, उन्हात वाळवली आणि पुन्हा इस्त्री केली.

सकाळी संतोष बाइकवरून उतरला तेव्हा पँट त्याच्या आधी उभी होती. मॅनेजरसाहेब पहिल्यांदाच खूश झाले. क्रीज मोडेल म्हणून संतोष दिवसभर खुर्चीला टेकला नाही. उभ्यानेच रजिस्टर लिहिलं, उभ्यानेच डबा खाल्ला.

संध्याकाळी साहेब मला म्हणतात, "बघा मॅडम, कपडे नीट असले की माणसाला कामाचा उत्साह येतो."

* * *

लावणीच्या दिवसांत संतोष पहाटेपासून शेतात असतो आणि नऊला कंपनीत. जॉगर मांडीपर्यंत वर सरकवली की इलॅस्टिक धरून ठेवतं, खाली घसरत नाही. आठला हातपाय धुवायचे, पँट खाली ओढायची आणि बाइकला किक मारायची. फॉर्मल पँटीत हे जमवून दाखवावं कुणी.

एकदा घाईत एकच पाय खाली ओढला. दुसरा मांडीपर्यंत तसाच, त्यात पोटरीला चिखल. गेटवर नेमके मॅनेजरसाहेब उभे. "संतोष, हा काय प्रकार आहे?"

संतोषने खाली बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, एक पाय ड्युटीवर आलाय. दुसरा अजून शेतात हाय."

साहेबांनी त्याचा हाफ डे मांडला.

* * *

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. सुटल्यावर मी पळसदरीजवळ आले तर ओढ्याच्या कडेला संतोष उभा. अंगात रेनकोटची पँट आणि हातात जॉगर. जॉगरचे दोन्ही पाय भरलेले आणि वळवळतायत, पण आत माणूस नाही. मी स्कूटी घातलीच असती ओढ्यात.

"ताई, खेकडं गावलं. पिशवी नव्हती," तो म्हणाला. घोट्याला इलॅस्टिक आहेच, वर नाडी आवळली, झालं काम. मला त्याने डाव्या पायातले दिले.

सासूबाईंनी असं काही कालवण केलं की सगळ्यांनी बोटं चाटली. "कुठून आणलेस गं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, ऑफिसातल्या पोराने दिले. कशातून दिले ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही कशाला सांगू?

* * *

दिवाळीच्या आधी फाइल पुन्हा मागे आली. शेरा तोच, पेहराव. मला मनापासून राग आला. सहा वर्षांत ह्याच्या स्टोअरमधला एक खिळा इकडचा तिकडे नाही, आणि अडलंय कुठे, तर घोट्याला. मी तडक केबिनमध्ये गेले. "साहेब, पँट बघून खोकी बनतात का? माणूस बघा ना."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही काय घातलंय?"

लांब कुर्त्याखाली सहा महिने लपवलेली माझी जॉगर त्यांनी त्या दिवशी बघितली. मी "येते" म्हणाले आणि आले.

* * *

आणि मग तो दिवस. मुंबईहून मोठे साहेब येणार होते आणि कायम करायच्या माणसांशी स्वतः बोलणार होते. मॅनेजरसाहेबांनी संतोषला बजावलं, "फॉर्मल. नाहीतर आत पाठवणार नाही."

संतोषने भावाच्या लग्नात शिवलेली पँट काढली. लग्नाला पाच वर्षं झालेली, आणि मधल्या काळात पोरगं अंगाने भरलेलं. बाइकवर टांग टाकता येईना. शेवटी माझ्या स्कूटीवर मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, नव्या नवरीसारखा खालापूरपर्यंत आला. रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं की बॅग तोंडासमोर धरायचा. मला हसू येत होतं, पण ही संधी गेली तर पुढची कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोठे साहेब आले. ऑफिसच्या दारात पाय ठेवतात तर वरून पाण्याची धार. शेडवरची टाकी भरून वाहत होती, भरली की पाणी बंद करणारा आतला फ्लोट अडकला होता. मॅनेजरसाहेब ओरडले, "संतोष, बघ जरा." फ्लोटचं काम आमच्याकडे त्यालाच येतं.

संतोष लोखंडी शिडीपाशी गेला. पहिली पायरी गुडघ्याच्या वर. त्याने पाय उचलला, अर्ध्यावर नेला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही खाली. पाणी मोठ्या साहेबांच्या बुटांपर्यंत आलं. मोरे काकांनी डोळे मिटून घेतले.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय झालं? भीती वाटते का चढायची?"

"नाय साहेब," संतोष म्हणाला. "ही पँट इंटरव्ह्यूची हाय. कामाची पँट बॅगेत हाय. दोन मिनिटं द्या."

कोणी हसलं नाही. मोठे साहेब म्हणाले, "जा, घालून ये."

तो जॉगर घालून आला, सरसर वर चढला, फ्लोट सोडवला, वरूनच टाकीचं झाकण नीट बसवलं आणि खाली उतरला. धार थांबली. मोठे साहेब बूट झटकत मॅनेजरसाहेबांकडे वळले. "ह्याचं नाव यादीत घाला. कायम करा."

मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "करतो सर. फक्त ह्याच्या पँटचं जरा..."

"कुठल्या?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "इंटरव्ह्यूच्या का कामाच्या?"