झेलणारीच्या ओळी

सुरतेच्या चौकात किल्ल्याच्या बाजूला मोकळं मैदान आहे. त्याच्या जाळीला एक मोठा फळा बांधलेला असतो. पुढच्या महिन्यात तिथे काय काय होणार ते त्यावर लिहितात. एका रविवारी बासरी, एका रविवारी मुलांचे नाच, एका रविवारी जुनी गाणी म्हणणारे हौशी लोक. फळा गुजरातीत असतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी शाळेत. गुजराती अक्षरं मी बसच्या पाट्या आणि साड्यांची खोकी बघून शिकले. त्यामुळे एक फळा वाचायला मला दहा मिनिटं लागतात. पण मला घाई नसते.

डिंडोलीला माझी एक खोली आहे. घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. गोंद आणि टिकल्या आणायला चौटा बाजारात यावं लागतं, आणि ते काम मी मुद्दाम रविवारी ठेवते. बाजार उरकला की मैदानात जाते, पाण्याच्या पिंपाजवळ शेवटच्या ओळीत बसते. मालक जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी नंदुरबारला दिली. रविवारी दुपारनंतर आमच्या गल्लीत सगळ्या घरांतून टीव्हीचे आवाज येतात, आणि सगळ्या घरांत कुणी ना कुणी टीव्हीपेक्षा मोठ्याने बोलत असतं. ते ऐकत बसण्यापेक्षा मैदान बरं.

मला गाण्यापेक्षा गाण्याच्या आधीचं जास्त आवडतं. तबलेवाला हातोडीने तबल्याच्या कडेला ठोकतो, पुन्हा ठोकतो, मान वाकडी करून ऐकतो. माईकमध्ये कुणी हॅलो हॅलो म्हणतं. लोक खुर्च्या ओढतात. त्या वेळी कोण एकटं आलंय आणि कोण चौघांबरोबर आलंय, ते कळत नाही. गाणं सुरू झालं की कळतं. लोक शेजारच्याकडे बघून मान हलवतात.

मैदानाच्या दाराशी टेबल टाकून एक टक्कल पडलेले भाई बसायचे. गाणाऱ्यांची नावं लिहून घेणं हे त्यांचं काम. एकदा ते मला म्हणाले, "मासी, दर वखते पाछळ बेसो छो. आगळ जग्या छे."

मी म्हटलं, "पुढे नको, मागेच बरं आहे."

"खानदेशी ना तुमे?"

मी मान हलवली.

"मारी सोसायटीनो वॉचमन खानदेशी छे. आखो दिवस गाय छे, एटले चोर आवता नथी." वॉचमनच्या गाण्याने चोर पळतात, यावर ते स्वतःच हसले. मग फळ्याकडे बोट करून सांगू लागले. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सुरतेत राहणाऱ्या सगळ्या लोकांची आपापली गाणी होणार आहेत. ओडिया आहेत, मारवाडी आहेत, काठियावाडी तर आहेतच. खानदेशच्या जागी अजून कुणाचं नाव नाही. "बे बहेनो होय तो पण चाले," ते म्हणाले.

दोघीच पुरे, हे ऐकलं आणि मी दोन नावं सांगून टाकली. एक माझं, एक माझ्या जावेचं. भाईंनी लिहून घेतली. दुकानातसुद्धा मी दोनदा भाव विचारत नाही, आणि इथे तिला न विचारता तिचं नाव देऊन बसले. 

माझी जाऊ म्हणजे माझ्या जेठाची बायको. आम्ही बावीस वर्षं एका जिन्यावर राहिलो, ती वर, मी खाली. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. देवीपुढे बायका दोन बाजूंना बसून अहिराणी गाणी म्हणतात. एका बाजूची बाई ओळ उचलते, दुसऱ्या बाजूची ती झेलते. उचलणारीचा शेवटचा शब्द संपायच्या आत झेलणारीने सुरू करायचं, मध्ये फट राहू द्यायची नाही. म्हणून एका बाईला ते गाणं म्हणताच येत नाही, दम पुरत नाही. आमच्या घरात जाऊ उचलायची आणि मी झेलायची. तिचा आवाज मोठा, तिला लाज नव्हती. मला तिच्या मागे मागे जायला आवडायचं. तिने ओळ टाकली की माझी ओळ आपोआप तोंडात यायची, मला आठवावी लागायची नाही. मग आम्ही वर्षभर म्हणू लागलो. पापड लाटताना, जिन्यात बसून लसूण सोलताना. माणसं कारखान्यातून यायच्या आधी.

चार वर्षांपूर्वी तिच्या मुलाने तापीपलीकडे अडाजणला फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. मी दोनदा जाऊन आले. सून चांगली आहे, गुजराती आहे. तिने मला बशीत काजू दिले आणि बसा म्हणाली, आणि मी पाहुणीसारखी बसले. त्यानंतर आम्ही फोनवरच बोलायचो. तब्येत, जेवण, नातीचा ताप.

मी दोन दिवस धीर गोळा करून फोन लावला.

"काय व धाकली, आज कशी याद उनी?"

"बाई, मी एक गुन्हा करी टाका."

"ह्या वयमा कोनासंगे पयी जाई ऱ्हायनी का?"

पळून जायचं ऐकून मला हसू आलं आणि मग सांगणं सोपं झालं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"मन्हं नाव? माईकवर?"

"हा."

"माले इचारं बी नही."

"इचारं असतं ते तू नही म्हनती."

कुकर उतरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येसू. पोऱ्याले सांगस गाडी काढाले."

तो महिना माझा फार चांगला गेला. टिकल्या चिकटवताना मी गाणी म्हणत होते. आमची नऊ गाणी होती. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय काकू, लग्न आहे का कुणाचं?" मी नाही म्हटलं, पण म्हणणं थांबवलं नाही. कानबाईच्या वाटेचं गाणं आधी आणि नदीचं नंतर, असं मी मनात ठरवून टाकलं. ते झालं की ती डिंडोलीला येईल, जिन्यात बसेल, जुन्या बायका भेटायला येतील, हेही ठरवलं. खरं सांगायचं तर लोकांनी ऐकावं असं मला काही वाटत नव्हतं. ती पुन्हा ओळ टाकेल आणि मी झेलेन, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी माईकपुढे उभं राहावं लागत असेल तर तेही मी करणार होते.

त्या रविवारी मी पाचलाच पोचले. ती साडेपाचला आली, मुलाच्या गाडीतून. तिच्याबरोबर तिच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका उतरल्या. तिघींच्या साड्या एकसारख्या, पोपटी रंगाच्या. भजनमंडळाने सगळ्यांसाठी एकदम घेतल्या होत्या, ते तिने मला सांगितलं. तिने माझ्या गालावर हात ठेवला, "वाळी गयी व तू," म्हणाली, आणि त्या दोघींना माझी ओळख करून दिली. मी तिला विचारलं, वाटेचं गाणं आधी म्हणायचं ना? ती म्हणाली, "देखू."

ओडिया लोकांचं झालं, मारवाडी बायकांचं झालं. मग भाईंनी माईकमध्ये "खानदेशनी बहेनो" असं म्हटलं आणि आम्ही वर गेलो. ती शेजारी होती. तिने माईक जवळ ओढला. मी छाती भरून श्वास घेतला आणि तिच्या ओळीची वाट बघत राहिले.

तिने गुजराती भजन सुरू केलं.

मला ते येत नव्हतं. आवाज तिचा तोच, मोठा आणि मोकळा. दुसऱ्याच कडव्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. पुढे बसलेल्या पोपटी साड्यांनी भजन झेललं, खालूनच, आणि बरोबर झेललं. मी घेतलेला श्वास हळूहळू सोडून दिला. ओळीच्या शेवटी येणारा देवाचा शब्द तेवढा ओळखू येत होता, तिथे मी ओठ हलवले. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून पदराचं टोक धरून ठेवलं. संपल्यावर खूप टाळ्या पडल्या. भाई मला खालून म्हणाले, "सरस, मासी." मी मान हलवली.

तिचा मुलगा न्यायला येताना पुलावर गर्दीत अडकला होता. त्या दोघी समोरच्या गाडीवर लोचो खायला गेल्या. आम्ही दाराजवळच्या बाकावर बसलो.

"राग उना का?" तिने विचारलं.

"नही."

"खोटं नको बोलू. तुन्ही नाकपुडी हाली ऱ्हायनी."

मला वाटत होतं, तिला आता आमच्या गाण्यांची लाज वाटते, त्या दोघींसमोर तिला अहिराणी म्हणायचं नव्हतं. तसं तिने म्हटलं असतं तर मी उठून बसकडे गेले असते. पण तिने चप्पल काढून पाय बाकावर घेतले, आमच्या जिन्यात घ्यायची तसे, आणि हळू आवाजात म्हणाली,

"माले येत नही व आते. एक शबद येत नही."

मला आधी कळलंच नाही.

"आठ दिन झाया. भांडा घासतांना याद करं, आंग धुतांना याद करं. तोंडवर काहीच येत नही. तठे कोनासंगे म्हनू? सून दार लावी लेस. म्हने, मम्मी, पडोशी शुं कहेशे." शेजारी काय म्हणतील, हे ती सुनेच्या आवाजात बोलली आणि थोडी हसली. "तुले कसं सांगू? तू ते नाव दी मोकळी व्हयनी. म्हनीसन भजन म्हटं."

मी म्हटलं, फोन केला असतास तर मी सांगितल्या असत्या ओळी. म्हणाले खरी, आणि तिच्या ओळी सांगायला गेले तर माझ्याकडे एकही नव्हती. महिनाभर मी घरी जे म्हणत होते ते सगळं झेलणारीचं होतं. उचलायच्या जागी मी नुसती थांबत होते, ती येईल म्हणून. बावीस वर्षांत मी एकदाही पहिली ओळ म्हटली नव्हती. कधी म्हणावी लागेल असं वाटलं नव्हतं.

मग मी तिला वाटेच्या गाण्यातली माझी धुळीची ओळ म्हणून दाखवली, अगदी हळू, की त्यावरून तिची सापडेल.

"धुय उडनी दाट व माय, धुय उडनी दाट."

तिने डोळे मिटले. ओठ हलले. नाही म्हणून मान हलवली.

मी दुसरी म्हटली, तिसरी म्हटली. तिसऱ्या वेळी तिने अर्धा शब्द उचलला आणि तो भजनाच्या चालीत गेला. ती चिडून म्हणाली, "जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. चौथी म्हटली.

"पानी गुडघाभर व माय, पानी गुडघाभर."

आणि तिने डोळे न उघडता म्हटलं, "कशी उतरू पार व माय, कशी उतरू पार."

तिचा शेवटचा शब्द संपायच्या आत मी झेललं. आम्ही ते दोनदा म्हटलं. पुढचं कडवं तिला आलं नाही. पुन्हा पहिलंच म्हटलं. समोरून एक माणूस मुलीला खांद्यावर घेऊन चालला होता, तो वळून बघून पुढे गेला. मला वाटलं गाडी अजून अर्धा तास येऊ नये.

गाडी आली. पोपटी साड्या लोचोची पुडी घेऊन आल्या, "चालो, चालो" म्हणाल्या. तिचा मुलगा मला म्हणाला, "काकू, स्टॉपपर्यंत सोडतो." मी म्हटलं, इथेच तर आहे. त्यांना पूल ओलांडून जायचं, मला उलटीकडे. ती आत बसली, काच खाली करून म्हणाली, "बाकीना याद उना ते फोन करसू." मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुलीची जुनी वही काढली आणि नऊही गाण्यांतल्या माझ्या ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीच्या वर एक ओळ कोरी सोडली. नदीच्या गाण्यात एकच कोरी ओळ भरली आहे. बाकी पानांवर एक ओळ आहे, एक नाही, एक आहे, एक नाही. लहान मुलाचे दात पडतात तसं दिसतं.

पंधरा दिवस मी फोन केला नाही. केला तर तिला वाटेल मी वसुलीला आले. टिकल्या चिकटवताना गाणंही थांबलं, कारण आता मला थांबायची जागा ऐकू येते. शेजारणीने विचारलं, "झालं का लग्न?" मी झालं म्हटलं.

सोळाव्या दिवशी तिचा फोन आला. मी वही उघडून पेन हातात घेतलं, मगच फोन उचलला. तिने विचारलं, गुडघ्याला लावायचं तेल मी कुठून आणते. मी दुकान सांगितलं. नातीची परीक्षा चालू आहे म्हणाली. जेवलीस का विचारलं. मी जेवले म्हटलं. मग मी पेन कोऱ्या ओळीवर टेकवलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती काही उचलते का, म्हणून मी वाट बघितली. तीही कदाचित माझी वाट बघत असेल.

"ठेवू का मग?" ती म्हणाली.

मी ठेव म्हटलं.