सुंदरबाईचा उलटा टांगलेला फेटिया

इंझोरीजवळच्या तांड्यावर सुंदरबाईशी भांडून कुणी जिंकल्याचं आम्हा गावकऱ्यांच्या ऐकिवात नाही. ती हरली ती फक्त पोटच्या पोरीपुढं.

लेकीच्या, बेबीच्या, लग्नासाठी तिनं फेटिया शिवला होता. फेटिया म्हणजे बंजारा बायकांचा घेरदार घागरा. आरसे, कवड्या, दोऱ्याची बारीक भरण. बेबी रांगत होती तेव्हा हाती घेतलेलं काम ती लग्नाची झाली तेव्हा संपलं. आणि बेबी म्हणाली, "मी नाही घालत. लोक हासतात. मले नायलॉनची साडी पाह्यजे."

हे खूळ कामरगावच्या चंपालाल शेटचं. शेट कापडाचे व्यापारी. "आता तरी माणसांत या," असं तांड्यातल्या बायकांना सांगून ते नायलॉन खपवायचे. पण चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या एक चित्रकार बाई आफ्रिका बघून आल्या आणि वाशीमला प्रदर्शन मांडायला निघाल्या. तिकडच्या भटक्यांच्या कापडांवरून त्यांनी गोधडीसारखं काहीतरी शिवून चौकटीत बसवलं होतं. जोडीला त्यांना इकडचं भरतकाम हवं होतं. झालं, शेटची जीभ फिरली. "सुंदरबाई, हे तं आपलं धन हाय! दे मले प्रदर्शनासाठी, लग्नाच्या आत आणून देतो." बेबीवरच्या रागात सुंदरबाईनं फेटिया देऊन टाकला.

लग्न तोंडावर आलं तरी फेटियाचा पत्ता नाही. सुंदरबाईनं बेबीला ओढत एस.टी.त बसवलं आणि वाशीम गाठलं. बघते तर फेटिया भिंतीवर उलटा! नाडी खाली, घेर वर. शेजारी पाटी, 'वाळवंटातली पहाट'. समोर साहेबलोक माना तिरप्या करून उभे, आणि त्यांना ती पहाट समजावून सांगत होते आमचे चंपालाल शेट.

"उल्टा कायले टांगला रे शेट? लाज हाय का तुले?"

सुंदरबाई स्टुलावर चढली, फेटिया उतरवला, अंगावरच्या कपड्यांवरूनच घातला आणि घेर नीट पडतो का ते बघायला गर्रकन फिरली. आरसे लखलखले. हॉलभर टाळ्या पडल्या. चित्रकार बाईंचे डोळे भरून आले. "हीच जिवंत कला!" म्हणत त्यांनी उद्या पाहुण्यांसमोर हेच पुन्हा करण्याची विनंती केली.

"माह्या पोरीचं लगन हाय," म्हणून सुंदरबाई तशीच बाहेर पडली.

स्टँडवर बेबी हळूच आईला म्हणाली, "याडी, लग्नात मीच घालीन हा."

सुंदरबाईनं तिथंच फेटिया उतरवला आणि घडी करून लेकीच्या मांडीवर ठेवला.

लग्नात बेबी फेटिया घालून उभी राहिली. काय दिसत होती पोरगी! मी म्हणालो, "सुंदरबाई, शेवटी पोरीनं आईचं ऐकलं."

"माह्यं कुठं? तिनं टाळ्यायचं ऐकलं," ती फणकारली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पण घातला ना!"