सावडीत बदली चालत नाही

नोकरी सोडून नऊ वर्षं झाली, तरी मुंबईहून येणारी माणसं अजून तोच प्रश्न विचारतात: "दिवसभर करतेस काय?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी काळजी असते आणि थोडा हेवा. मी सांगते, "भात लावते." मग ते हसतात, आणि मी चहा टाकायला उठते.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी नोकरी सोडली. त्यात चमत्कार काही नव्हता. पंधरा वर्षं पगारातला मोठा हिस्सा बाजूला टाकला, गाडी घेतली नाही, मोठ्या घराच्या भानगडीत पडले नाही. लग्न केलं नाही, तेही इथेच सांगून टाकते म्हणजे पुढे कोणाला शोधत बसावं लागणार नाही. आता पगाराशिवाय भागेल असं दिसलं, तेव्हा राजीनामा दिला आणि पोशीरला आले. तिथे वडिलांच्या वाट्याची वीस गुंठे भातजमीन होती. मी लहानाची मोठी झाले खोपोलीत, कारखान्याच्या चाळीत. पोशीर म्हणजे माझ्यासाठी सुट्टीत जायचं ठिकाण. जमीन चुलते कसत होते. ते गेल्यावर ती चार वर्षं पडून होती.

पहिल्या वर्षी मला काहीच येत नव्हतं. हे शेजारच्या काकीने पहिल्या दिवशीच ओळखलं. काकी तेव्हा साठीची असेल. किडकिडीत, काळीसावळी, आणि बोलायला लागली की समोरच्याने बांध ओलांडून पळावं अशी.

"पोरी, तुला रोप कशाला म्हनतात ते तरी ठावं हाय का?"

"पुस्तकात वाचलंय."

"मग पुस्तकालाच लाव खाचरात."

पण सावडीत मला तिनेच घेतलं. आमच्या बाजूला सावड म्हणजे आपापसातली लावणी. आठ घरं होती, मी नववी. ज्या घराचं रोप तयार आणि खाचरात पाणी उभं, त्याच्या शेतात बाकीच्या आठ घरची एकेक बाई जायची. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. ज्याचं शेत त्याने दुपारचं जेवण घालायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात वाकायचं. ऑफिसच्या सवयीने मी सगळ्यांच्या पाळ्यांचं वेळापत्रक केलं आणि काकीच्या दाराला चिकटवलं. काकीच्या सुनेने ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पावसाला वाचाय येतं का गं?" तिसऱ्या दिवशी कागद भिजून खाली पडला. कोणाची पाळी कधी हे काकी आभाळाकडे आणि पाण्याकडे बघून आदल्या संध्याकाळी सांगायची, आणि ते बरोबर निघायचं.

माझ्या शेतात त्या आल्या त्या दिवशी मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली होती. आठही जणी भिजलेल्या, चिखलात बरबटलेल्या, ताटाकडे बघत बसल्या. शेवटी एक जण म्हणाली, "आगं, कोन आजारी हाय का?" इकडे पोळी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. तेव्हापासून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी शिकले. पहिल्या पन्नासेक भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या.

ते दिवस आठवले की मला आधी आवाज आठवतात. नऊ जणी ओळीने वाकलेल्या, मुठीतलं रोप चिखलात खोवताना पचक पचक आवाज, आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड चाललेली चेष्टा. कोणाच्या नवऱ्याची, कोणाच्या विहिणीची, बहुतेक वेळा माझीच. पंचवीस वर्षं एका वातानुकूलित मजल्यावर काढली, पण तिथले आवाज आठवायला बसले तर एकही आठवत नाही.

चूक केली ती दुसऱ्या वर्षी.

माझं शेत लावून झालं होतं. आठही जणी आल्या होत्या, संध्याकाळच्या चहाच्या आत काम उरकलं होतं. काकीचं रोप उशिरा पेरलेलं, त्यामुळे तिची पाळी शेवटी. दरम्यान कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर लवकर निवृत्त झालेल्या आणि होऊ पाहणाऱ्या माणसांचा मेळावा होता. मी तिथे बोलावं असं त्यांनी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. विषय: नोकरीनंतरचं भरलेलं आयुष्य. आणि आदल्या संध्याकाळी काकीने बांधावरून ओरडून सांगितलं, "उद्या माझ्याकडं गं!"

मी विचार केला. व्यवस्थित केला, असंच तेव्हा वाटलं. तिकडे चाळीस माणसं वाट बघणार. इकडे एका बाईची जागा भरायची. मी डोंगराकडच्या वाडीवर गेले आणि रोजावर जाणाऱ्या दोघींना ठरवून आले. दोघीही माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने लावणाऱ्या. एकीच्या जागी दोघी, त्याही पटाईत. काकीचा फायदाच होता. सकाळी निघताना तिच्या दारावरून गेले. ती शेतावर गेली होती. सुनेला सांगितलं आणि रिक्षात बसले.

मेळावा छान झाला. मी पडद्यावर फोटो दाखवले. सावड समजावून सांगितली. पैसा मधे न येता माणसं कशी एकमेकांच्या शेतात राबतात, हे ऐकताना लोकांचे चेहरे उजळले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मग आज लावणी नाही का?"

"आहे. माझ्या जागी दोघींना पाठवलंय."

"कामं सोपवता आली पाहिजेत," मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

संध्याकाळी परत आले तेव्हा काकी अंगणात पाय धूत होती. मी विचारलं, "झालं का सगळं? बाया बऱ्या होत्या ना?"

"लय चांगल्या व्हत्या. दुपारलाच उरकलं."

"मग झालं तर."

काकीने तांब्या खाली ठेवला. "मी बाया मागितल्या व्हत्या का? मी तुला बोलावलं व्हतं."

"अगं काकी, मला कार्यक्रम होता. आणि दोघी—"

"पुढल्या साली त्यांनाच घे तुझ्याकडं. तुला परवडतंय." आणि ती आत गेली.

घरी आल्यावरही मी बराच वेळ चिडलेली होते. मला ते निव्वळ हट्टाचं वाटलं. कामच करून हवं होतं ना? ते झालं, चांगलं झालं, वेळेआधी झालं. यात माझं चुकलं काय?

कापणीही सावडीनेच व्हायची. त्या वर्षी तिला मला कोणी हाक मारली नाही. भांडण नव्हतं. दुकानात भेटलं की "कशा हाव ताई" व्हायचं. हे "हाव" आणि "ताई" ऐकल्यावर मला काय झालंय ते नीट कळलं. त्या मला आदराने बोलायला लागल्या होत्या. नेरळपासून पोशीरपर्यंत जागोजागी कंपाउंडं घालून बसलेल्या फार्महाऊसवाल्यांशी बोलतात तशा.

माझी कापणी मी वाडीवरच्या माणसांना लावून केली. दीड दिवसात उरकली. काम उत्तम झालं. जेवायला बसलो तेव्हा ती माणसं एका बाजूला बसली आणि मी ओट्यावर. कोणी माझ्या भाकरीला नाव ठेवलं नाही. त्यांनी ठेवायचं कारणही नव्हतं.

त्या दुपारी मला वडिलांच्या रजा आठवल्या. कारखान्यातल्या त्यांच्या वर्षाच्या सगळ्या रजा जुलैत संपायच्या. आम्ही कधी महाबळेश्वरला गेलो नाही, की मामाच्या लग्नाला वेळेवर पोचलो नाही. आई कुरकुरायची, "भावाला गडी लावायला पैसे पाठवा आणि गप घरी बसा." वडील ऐकून घ्यायचे आणि पिशवी भरायचे. दहा-बारा दिवसांनी परत यायचे तेव्हा पायांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असायच्या, आणि आई बडबडत त्यांना खोबरेल तेल लावायची. जमीन चुलते कसत होते, पीक चुलत्यांचं होतं. तरी वडील जायचे; तेव्हा लावणीला पुरुषही वाकायचे. मला लहानपणी तो अडाणीपणा वाटायचा. कामगार होते, शिकले असते तर हिशेब कळला असता, असं मी कॉलेजात असताना एकदा बोललेही होते.

हिशेब त्यांना कळत होता. पोशीरला त्यांचं घर सावडीत होतं, आणि सावडीत बदली चालत नाही.

पुढच्या जुलैत मी बोलावण्याची वाट बघितली नाही. कोणाची पाळी हे बांधावर उभं राहिलं की दिसतं. गावाच्या टोकाच्या घराचं शेत पहिलं होतं. मी प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतला आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिले. 

काकी ओळीच्या पहिल्या टोकाला होती. वर न बघता म्हणाली, "सरका गं जरा. बाईसाहेबांची प्यांट भिजंल."

कोणीतरी फिसकन हसलं. मी वाकले. कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दुपारी ताटं मांडताना माझ्यापुढेही एक ताट आलं, ते त्या घरच्या रीतीने आलं, माझ्यासाठी नव्हे. शेजारी काकीची सून होती. ती हळूच म्हणाली, "मूठ सैल धरा ताई. रोपाची मान मोडतेय तुमच्या हातानं."

असे सात दिवस, सात शेतं. आठवं शेत काकीचं. एव्हाना माझं रोप वाफ्यात उभं होतं. तीन आठवडे झाले, चार झाले. भाताचं रोप फार दिवस वाफ्यात राहिलं की जून होतं, मग लावलं तरी फुटवे कमी येतात. पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती. चिखलणी करून खाचर तयार ठेवलं होतं.

सून म्हणाली, "ताई, आईंना विचारा की. तुमचं रोप वाया जाईल."

"नाही विचारणार."

"मग वाडीवरच्या बाया तरी सांगा."

"नाही."

"आईंसारख्याच हाव तुमी," ती वैतागून म्हणाली.

वाडीवर जायला अर्धा तास लागला असता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं शेत हिरवं झालं असतं, आणि मी कायमची फार्महाऊसवाली झाले असते. मी एकटीने लावायला घेणार होते. वीस गुंठे एकटीला किती दिवस लागतील ते मोजूनही ठेवलं होतं.

काकीच्या शेतातली शेवटची ओळ दुपारी चारच्या सुमाराला संपली. पाऊस बारीक होता. गावची लावणी उरकली की बायका एकमेकींना चिखल फासतात. वयाचा, मानाचा मुलाहिजा नसतो. सासू सुनेला, सून सासूला. दोघी-तिघींनी वाकून मुठी भरून घेतल्याच होत्या.

"थांबा गं," काकी ओरडली. "उरकली कुठं अजून?"

"आता कोनाची ऱ्हायली?"

काकीने हात धुतले, पदर पिळला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुझ्या खाचरात पानी हाय का?"

"आहे."

"रोप तर म्हातारं करून ठेवलंस. तोंड व्हतं ना विचाराय?"

मी वाकून हातांचा चिखल धुवायला लागले.

"सकाळला येतो आमी. आन् भाकऱ्या जरा गोल कर."

पहाटे चारला उठून मी भाकऱ्या थापल्या. सातला आठही जणी बांधावर होत्या. दुपारी चेष्टा सुरू झाली ती माझ्या मेळाव्याची. सुनेने माझ्या भाषणाची नक्कल केली, ती तिने कुठे ऐकली कोण जाणे. संध्याकाळी काकीने माझ्या दोन्ही गालांना आणि केसांत इतका चिखल भरला की तीनदा धुवूनही निघाला नाही.

जून झालेल्या रोपाला फुटवे कमीच आले. त्या वर्षी भात नेहमीच्या निम्म्याहून थोडं जास्त झालं. काकी खळ्यावर रास बघून म्हणाली, "बघ, तुझ्या हट्टानं." मी म्हटलं, "आणि तुझ्या." तिने सूप उचललं आणि माझं भात पाखडायला बसली.