लोंब्याचे कान

आमचा दादा चाळीस वर्षं कवळ्या बनवत होता. घराच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल, प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, आणि सगळ्यावर गुलाबी भुकटीचा थर. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, दादा दात बसवायचा. माणूस अबोल, पण हात असा की तोंडात काही घातलंय हे म्हाताऱ्यांना आठवायचंही नाही.

स्पॅनियल जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं ते वहिनीने. तपकिरी, रेशमी केसांचं, कान हनुवटीच्याही खाली. दादा म्हणाला, "हे लोढणं माझ्या गळ्यात नको." पण लोंब्या हे नाव त्यानेच ठेवलं. जात शिकारी, मालकाने टिपलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणून देणारी. आमच्याकडे पक्षी कुठले? लोंब्या वहिनीची चप्पल आणायचा. एकदा तर पॉलिश करून ठेवलेली कवळी घेऊन स्वारी थेट पाहुण्यांसमोर हजर! दादाच्या तोंडचं पाणी पळालं, पण कवळीवर साधा ओरखडाही नव्हता.

मग वहिनी आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली. लोंब्या तिची चप्पल तोंडात धरून दाराशी बसून राहायचा. मी ती काढायला गेले, तर दादा म्हणाला, "राहू दे गं. कुणीतरी बसलंय ना तिच्यासाठी."

तेव्हापासून लोंब्याचं सगळं दादाच बघू लागला. या जातीचं दुखणं कानात. कान सदा झाकलेले, वारा लागत नाही, आत चिघळतं. दादा दर दोन दिवसांनी कान उलटून वास घ्यायचा, औषध घालून कापसाने पुसायचा, कानामागचे गुंते बारीक कात्रीने कापायचा. जेवताना कान ताटलीत पडू नयेत म्हणून वहिनीचा स्कार्फ त्याच्या डोक्याला बांधायचा. "अगदी खडूस मावशी दिसतोय," मी म्हणायचे. दादा तेवढ्यापुरता हसायचा.

दोन वर्षांनी दातांचे डॉक्टर स्वतः घरी आले. चाचरत म्हणाले, "तीन कवळ्या परत आल्यात. हिरडीला टोचतायत." दादाने हात टेबलाखाली घेतले. उजवा हात थरथरत होता, आणि हे त्याला आमच्या आधीपासून माहीत होतं. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. थरथर कमी झाली नाही. दादाने टेबल आवरून टाकलं.

एका दुपारी त्याचा फोन आला. "मी त्याला कापलं गं."

धावत गेले. गुंता कापताना कात्री कानाच्या पाळीत शिरली होती. लोंब्याने डोकं झटकल्यामुळे भिंतीवर, दादाच्या शर्टावर, सगळीकडे रक्त. आणि हा शहाणा दादाच्या मांडीवर हनुवटी टेकून त्याचाच हात चाटत होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोन टाके घातले. घरी आल्यावर दादा म्हणाला, "तू याला घेऊन जा."

"वेडा आहेस का? मी येत जाईन ना दर रविवारी."

"रविवारच्या रविवारी भागत नाही." मग टाक्यांकडे बघत म्हणाला, "गुरगुरला असता तर कुठे थांबायचं ते कळलं असतं. हा काही म्हणतच नाही."

मी लोंब्याला आणलं. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. कान कसा धरायचा, कापूस किती आत घालायचा, सगळं दादाने फोनवर शिकवलं. पहिले काही रविवार तो स्वतः आला. लोंब्या आनंदाने नुसता वेडा व्हायचा, आणि दादा निघाला की त्याच्या आधी दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. त्याला ओढून आत आणावं लागे. पाचव्या रविवारी दादा आला नाही.

"दर वेळी नव्याने सोडून जायचं," तो म्हणाला, "मला नाही जमत."

आता तो फक्त फोन करतो. कानाला वास येतोय का, खाजवतोय का. मी सांगते, स्वच्छ आहेत. एकदा मी फोन लोंब्याच्या कानाशी धरला. दादाने हाक मारली मात्र, लोंब्या ताडकन उठला. पलंगाखाली, कपाटामागे, न्हाणीघरात, घरभर दादाला शोधत फिरू लागला.

"काय करतोय?" दादाने विचारलं.

"झोपलाय," मी म्हणाले.