ढोलकी मांडीवरच राहिली

भाईंदरचा जीवन खिल्लारे एका कंपनीच्या टीमकडून फुटबॉल खेळायचा. नोकरीही खेळावरच मिळालेली. ढोलकी मात्र बापाने शिकवली, जयंतीच्या गायन पार्टीत. मॅच जिंकली की टीमच्या बसमध्ये ती लागायचीच.

ब्याण्णव साली सुरतेहून जिंकून येताना कॅप्टन नीरजने नवंच गाणं काढलं. समोरच्या टीमचा बॅक, सॅम्युअल, आफ्रिकेतून आलेला. 'काळं माकड झाडावर चढलं' म्हणत अख्खी बस हुप्प हुप्प करायला लागली.

जीवनचा हात थांबला.

"वाजव ना!" नीरज ओरडला.

"नाही वाजवणार."

"अरे, तुला कोण बोलतंय? तू काळा असलास तरी आपला आहेस."

"म्हणजे तुमच्या टीममध्ये नसतो तर मीपण माकडच ना?" जीवन भडकला. "अख्खी मॅच त्याने तुला बॉलला शिवू दिलं नाही. तेव्हा त्याच्यासमोर का नाही केलंस हुप्प?"

ढोलकीशिवाय गाणं काही रंगेना. मागून कोणीतरी म्हणालं, "थांबा रे, घोडबंदरला उतरेल हा, मग गाऊ." भाईंदरला जायला जीवन दर वेळी तिथेच उतरायचा.

घोडबंदर आलं. ड्रायव्हरने गाडी थांबवली. जीवन ढोलकी मांडीवर घेऊन बसूनच राहिला.

"उतर ना, तुझा स्टॉप आला," नीरज म्हणाला.

"चलू द्या, मामा," जीवनने ड्रायव्हरला सांगितलं. "आज मी शेवटपर्यंत येतोय. बघू, माझ्या तोंडावर कोण गातंय ते."